साधारण म्हणजे किती?

रविवारी सकाळी पावणेसातला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक गृहस्थ उकिडवे बसलेले दिसतात. एक डोळा मिटलेला. उघड्या डोळ्यासमोर, नाकाच्या रेषेत धरलेली काचेची बारीक नळी आणि तिच्यात निळसर, दाट असं काहीतरी. रात्रीच्या गाडीने आलेला एखादा पाहुणा बॅग ओढत जाताना थबकतो. त्याला वाटतं, यांना काहीतरी होतंय, किंवा हे सकाळी सकाळी भलतंच काही घेतायत. तसं काही नाही. काका गाडी धुतायत. म्हणजे अजून गाडीला पाणी लागलेलं नाही; साबण मोजून व्हायचाय.

सोसायटीत त्यांना मापटेकाका म्हणतात. खरं आडनाव मी सांगणार नाही, पण यातल्या ‘म’ला रजा दिलीत तर तुमचं तुम्हाला कळेल. हे बारसं कोणी केलं याबद्दल ए विंग आणि बी विंगमध्ये वाद आहे. काकांना मात्र नाव पसंत आहे. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेरांची पायली, हे ते पोरांना जिन्यात अडवून पाठ करून घेतात आणि वर म्हणतात, “अर्धा शेर म्हणवून घ्यायला काय हरकत आहे? शेराला सव्वाशेर भेटतो. अर्ध्या शेराच्या वाटेला कोणी जात नाही.”

काकांची चौतीस वर्षं पिंपरीच्या एका औषध कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलच्या प्रयोगशाळेत गेली. निवृत्तीच्या दिवशी लोकांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळतं. काकांनी घड्याळ साभार परत केलं (ते दिवसाला चार सेकंद मागे पडत होतं) आणि त्याऐवजी २५ मिलिलिटरचा एक मेजरिंग सिलिंडर मागून घेतला. तीच ती काचेची नळी. ती लोकरीच्या पायमोज्यात झोपते. पायमोज्याचा जोडीदार कुठे आहे, हे काकू दर थंडीत विचारतात. नळीवर ‘२७ अंश सेल्सिअस’ असं कोरलंय. म्हणजे त्या तापमानाला तिचं माप खरं. एप्रिल-मेमध्ये पार्किंगमध्ये पारा पस्तिशीच्या पुढे गेला की काका अस्वस्थ असतात.

“काच प्रसरण पावते हो. साबणही पावतो.”

“मग काय करायचं?”

“मग काय? सकाळी लवकर धुवायची. तसंही उन्हात धुऊ नये, साबण पत्र्यावरच वाळतो.”

काकांचं असं असतं. आधी विक्षिप्त वाटणारं कारण सांगतात आणि आपण हसायच्या बेतात असताना मागून एक खरं कारण काढतात.

माझी त्यांची ओळखही साबणावरूनच झाली. आम्ही नवीन राहायला आलो होतो. माझ्याकडचा साबण संपला होता आणि शेजारी एक गृहस्थ गाडी धुताना दिसले, म्हणून मी सहज विचारलं, “काका, थोडासा साबण मिळेल का?”

“थोडासा म्हणजे किती?”

“साधारण... एका गाडीपुरता.”

“साधारण म्हणजे किती? बादली किती लिटरची आहे तुमची?”

मी माझ्या बादलीकडे पाहिलं. सहा-सात वर्षं ती वापरत होतो. ती किती लिटरची आहे, हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या घरात माझ्याच पैशाने आणलेल्या वस्तूबद्दल मला काही म्हणजे काही सांगता येईना.

“हिरवी आहे,” मी म्हणालो.

“रंग नाही विचारला.”

त्या दिवशी माझी गाडी धुतली गेली नाही. माझी बादली मात्र मोजली गेली. ती १३.६ लिटरची निघाली. दुकानदाराने पंधराची म्हणून दिली होती, हे मला त्या क्षणी आठवलं आणि मी ते बोलून बसलो. पुढचा पाऊण तास आम्ही दुकानदारावर बोललो.

त्यांचा सरंजाम बघण्यासारखा असतो. दोन बादल्या, एक झारी, बिनसुईची २० एमएलची सिरिंज, फरशीचे तीन तुकडे, एक पाणसळ, राजापुरी पंचा आणि एक वही. फरशीचे तुकडे कशाला? तर आमच्या पार्किंगला नाल्याच्या दिशेने उतार आहे. बादली तशीच ठेवली तर पाणी एका बाजूला चढतं आणि आत आखलेली रेघ खोटी बोलते. म्हणून आधी फरशीचा तुकडा, त्यावर बादली, बादलीच्या काठावर आडवी पाणसळ. पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला की काका ‘हं’ म्हणतात. तो ‘हं’ मी आता घरात बसूनही ओळखतो. बादलीच्या आतली रेघ नातीच्या नेलपॉलिशची आहे, गुलाबी. आठ लिटर भरले की तिथे पाणी पोचतं.

मग साबण. त्यांचा शाम्पू एकास पाचशे या प्रमाणात घालायचा असतो. आठ लिटर पाण्याला १६ एमएल. हिशेब सोपा आहे आणि इथे कुठलाही शहाणा माणूस थांबला असता. काकांनी बाटलीवरच्या त्या एकास पाचशेवर दोन महिने विचार केला. एक भाग साबण आणि पाचशे भाग पाणी, की सगळं मिळून पाचशे भाग? पहिलं धरलं तर १६ एमएल. आठ लिटर हे साबणासकट धरले तर भाग होतात पाचशे एक, आणि मग साबण येतो १५.९७. फरक ०.०३ एमएलचा. ड्रॉपरच्या एका थेंबात साधारण (हा शब्द मी वापरतोय, काका नव्हे) ०.०५ एमएल असतात. म्हणजे वाद एका थेंबाचाही नव्हता.

“मग कशाला एवढं डोकं लावायचं?”

“इथे नाही फरक पडत. पण फेसाच्या बाटलीवर एकास चार लिहिलेलं असतं तिथे बघा. एका लिटर पाण्यात एकदा २५० होतात, एकदा लिटरभर मिश्रणात २०० होतात. केवढा फरक! पाचशेला चुकलं तर खपतं. पण चुकायची सवय लागली की ती चारालाही चुकते.”

साबण नळीत ओततानाही एक शिस्त आहे. द्रवाची पातळी काचेला चिकटून कडेला थोडी वर चढते, त्यामुळे वाचायचं ते मधल्या खोलगट भागावर, आणि तेही डोळा त्याच उंचीला आणून. उकिडवं बसण्याचं रहस्य एवढंच. “खालच्या कडेला बघा, खालच्या कडेला,” हे वाक्य आमच्या सोसायटीतल्या प्रत्येक मुलाने बारावीच्या प्रॅक्टिकलच्या आधीच ऐकलेलं असतं. साबण बादलीत गेला की नळीत जे चिकटून राहतं ते सोडायचं नाही. नळीत थोडं पाणी घालायचं, विसळायचं, तेही बादलीतच. असं तीनदा. संध्येला आचमनं करावीत तसं तीनदा, डोळे अर्धवट मिटून. मग बादलीला नमस्कार तेवढा करायचा राहतो.

एवढं सगळं झाल्यावर खरी धुलाई वीस मिनिटांत होते. टपापासून खाली. चाकं सगळ्यात शेवटी, कारण सगळ्यात जास्त खर तिथे असते. एका बादलीत साबण, दुसरीत नुसतं पाणी. प्रत्येक हात फिरवला की फडकं आधी साध्या पाण्यात खळबळायचं, मगच साबणात बुडवायचं. नाहीतर गाडीवरची वाळू आपण साबणाच्या पाण्यात ठेवतो आणि तिनेच पुन्हा गाडी घासतो. हे मला पटलं. मी पंधरा वर्षं माझ्या गाडीला स्वहस्ते पॉलिशपेपर मारत होतो, असा त्याचा अर्थ होता.

आणि गाडी कुठली, तर २०११ सालची चंदेरी वॅगन-आर. ती आठवड्यातून एकदा मंडईत जाते, महिन्यातून एकदा काकूंच्या बहिणीकडे सदाशिव पेठेत. तिथे पार्किंग मिळत नाही म्हणून बहुतेक वेळा रिक्षानेच जातात. चालते कमी, धुतली जाते जास्त. गाडीला बोलता आलं असतं तर तिने एकदा तरी चिखल मागितला असता.

जास्त साबण म्हणजे जास्त स्वच्छ, ही समजूत काकांच्या मते देशाची मोठी शत्रू आहे. साबणाचे रेणू मळाला घेरून पाण्यात उचलतात, पण त्याला मर्यादा असते. पाण्यात ठरावीक प्रमाणापुढे साबण गेला की जादा रेणू आपापसात गोळे करून बसतात. “लग्नात आचारी वाढवले म्हणून जेवण जास्त चवदार होतं का? ते आपसात गप्पा मारत बसतात.” आणि तो जादा साबण गाडीवरून काढायला पुन्हा पाणी. म्हणजे साबणाची उधळमाधळ खरं तर पाण्याची उधळमाधळ असते, ही त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावरची नोंद आहे. भांड्यांच्या साबणाचं नाव तर त्यांच्यासमोर काढूच नये. तो तेलकटपणा काढण्यासाठी जन्माला आलाय. गाडीवरचं मेणही तो तेलकटच समजतो आणि प्रामाणिकपणे काढून टाकतो. “त्याची चूक नाही. त्याला कामाला लावणाऱ्याची आहे.”

अशा माणसाचं पाइप लावून गाडी धुणाऱ्याशी कसं जमावं? आमच्या सोसायटीतले एक पदाधिकारी (पद सांगत नाही, पुढच्या वर्षी मला पार्किंग बदलून हवंय) रोज पाइप लावत आणि तो चालू ठेवून फोनवर बोलत. त्या उन्हाळ्यात टँकर सुरू झाले होते. वार्षिक सभेत सगळे टँकरच्या खर्चावर ओरडत असताना काका उभे राहिले. हातात वही. “मी पाइप मोजलाय. १५ लिटरची बादली ६९ सेकंदांत भरते. म्हणजे मिनिटाला १३ लिटर. वीस मिनिटांत २६० लिटर. मी गाडी धुतो २६ लिटरमध्ये. म्हणजे एका पाइपात माझी गाडी दहा वेळा धुऊन होते.” सभेत शांतता पसरली. मग कोणीतरी मागून म्हणालं, “काका, पण तुमची दहा वेळा धुऊन संपायला संध्याकाळ होईल.” सभा हसली, काकाही हसले, आणि पाइपबंदीचा ठराव एकमताने मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी नळाशेजारी पाटी लागली: ‘गाडी धुण्यास बादली पुरते. ज्यांना पुरत नाही त्यांनी आपण हत्ती तर पाळला नाही ना, याची खात्री करून घ्यावी.’ खाली सही नव्हती. पण अक्षरांमधलं अंतर इतकं सारखं होतं की सहीची गरजच नव्हती.

पुतण्याने अमेरिकेहून शाम्पूची बाटली आणली तो प्रसंग मात्र काकांच्या शत्रूवरही येऊ नये. भला मुलगा, न्यू जर्सीहून काकांसाठी आठवणीने बाटली घेऊन आला. तिच्यावर प्रमाण लिहिलेलं: एका गॅलनला एक औंस. काकांनी चष्मा पुसला. गॅलन अमेरिकेचा की इंग्लंडचा? अमेरिकेचा गॅलन ३.७८५ लिटरचा, त्यात १२८ औंस. इंग्लंडचा ४.५४६ लिटरचा, त्यात १६० औंस. आणि वरून त्यांचा औंस अमेरिकेच्या औंसापेक्षा किंचित लहान. आठ लिटरला एका हिशेबाने साडेबासष्ट एमएल लागतात, दुसऱ्याने पन्नास.

“अहो, अमेरिकेत घेतलीय म्हणजे अमेरिकेचाच गॅलन असणार ना,” काकू म्हणाल्या.

“बनवलीय कुठे ते बघायला नको?”

तोवर पुतण्या परत पोचला होता. त्याला काकांनी फोन लावला. इकडे सकाळचे दहा, तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली. पुतण्याला वाटलं, घरी कोणाचं काही झालं. “गॅलन कोणता?” एवढंच त्याच्या कानावर पडलं. पुढच्या खेपेला त्याने चॉकलेटं आणली.

याच घरात काकू स्वयंपाक करतात. काकूंच्या स्वयंपाकघरात चमचा ढवळण्यासाठी असतो, मापण्यासाठी नव्हे. मीठ मुठीतून, तिखट चिमटीतून, गूळ डोळ्यांतून. आमटीला किती गूळ घालता विचारलं की त्या म्हणतात, “लागेल तेवढा.” अंदाजपंचे कारभार, आणि त्या अंदाजाने तीसेक माणसांचं गौरीचं जेवण कधी खारट झालं नाही. चाळीस वर्षं काका त्यासमोर गप्प बसून जेवले. मग एकदा त्यांनी काय केलं, तर काकू देवळात गेल्या की रोज मिठाचा डबा वजनकाट्यावर ठेवून बघायला लागले. हा हेरगिरीचा कार्यक्रम पंधरा दिवस चालला. मला त्यांनी ही गोष्ट अगदी हळू आवाजात, पार्किंगमध्येसुद्धा इकडेतिकडे बघून सांगितली.

“मग? काय निघालं?”

“रोज अकरा ग्रॅम. एखाद्या दिवशी बारा. मुठीने!”

“काकूंना सांगितलंत?”

“वेडे आहात का? सांगितलं तर त्या चमचा वापरायला लागतील.”

वहीत त्या पानावर एकच ओळ आहे. मी पाहिलीय. ‘सौ.चा हात: कॅलिब्रेटेड. तपासणीची गरज नाही.’

चहाला गेलं तरी आपली नोंद असते. साखर किती, असं विचारलं की मी ‘नेहमीएवढीच’ म्हणतो. काका सांगतात, “तुमची नेहमीची दीड चमचा आहे. पण गेल्या दोन वेळा तुम्ही कपाच्या तळाला साखर सोडलीत. सव्वा करू का?” आता असल्या माणसावर चिडायचं कसं? बायकोलाही ठाऊक नसलेली गोष्ट त्यांनी माझ्याबद्दल टिपून ठेवली होती.

या सगळ्यामागे काहीतरी असणार, असं मला बरेच दिवस वाटत होतं. लेखकाला तसं वाटतंच. एकदा बोलण्यात आलं की १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा काका आठ वर्षांचे होते आणि नदीजवळच्याच पेठेत राहत होते. मागोमाग खडकवासलाही गेलं आणि शहराचे नळ कोरडे पडले. वाड्याच्या विहिरीवर रांग, घरात माणशी मोजून तांबे. मला माझा धागा सापडला. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, “म्हणजे काका, तेव्हापासून तुम्ही पाणी मोजायला लागलात.”

“छे! त्या दिवसांत शाळेला सुट्टी होती, मजा आली आम्हाला. पानशेतचा याच्याशी काय संबंध? मला मोजायला आवडतं.”

धागा त्यांनी माझ्या हातात तसाच परत दिला.

पण एकदा ते गप्प बसले, ते मी पाहिलंय. आमच्याकडे सकाळी गाड्या पुसायला एक पोरगा येतो. लातूरकडचा. एका बादलीत आठ गाड्या पुसायचा. पहिल्या गाडीची धूळ आठव्या गाडीपर्यंत न चुकता पोचवायचा. काकांनी त्याला हाताशी धरलं. दोन बादल्या, रेघ, सिरिंज, सगळं शिकवलं. तो सिरिंज काही वापरेना. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं टोपण घेऊन यायचा. काकांनी चिडून ते टोपण मोजलं, तर बरोबर दहा एमएल. त्यावर रेघाही होत्या. त्याची बादली पाच लिटरची. म्हणजे बरोबर एकास पाचशे. काका दोन दिवस त्या टोपणाचं कौतुक सांगत फिरले.

तर एका रविवारी तो काकांची धुलाई उभ्याने बघत होता. काकांनी शेवटची झारी रिकामी केली आणि अभिमानाने म्हणाले, “सव्वीस लिटर. एक थेंब जास्त नाही.”

“आमच्याकडं एवढ्यात चार माणसं अंघोळी करत्यात, काका,” तो सहज म्हणाला. “आन् ती बी परातीत बसून. ते पाणी मंग म्हशीला.”

काकांनी वही उघडली. ते गोंधळले की वही उघडतात. पोराने सांगितलं की तो लहान असताना त्यांच्या गावाकडे आगगाडीने पाणी आलं होतं. २०१६ चा एप्रिल; मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. त्याचा बाप लातूरच्या स्टेशनावर नुसती ती गाडी बघायला गेला होता. काकांची पेन्सिल आपोआप चालायला लागली. पाच लाख भागिले सव्वीस. १९,२३०.

“एकोणीस हजार दोनशे तीस वेळा गाडी धुऊन होईल एवढं पाणी.”

“धुवायचं नव्हतं काका ते. प्यायचं होतं.”

काकांनी पेन्सिल खिशात ठेवली. फरशीचे तुकडे गोळा केले. त्या दिवशी पंचा पिळून वाळत घालायला ते विसरले. दुपारी मी गेलो तर तो बादलीत तसाच पडलेला होता.

पुढचा महिनाभर त्यांच्या घरी बाटल्यांची रांग लागली होती. प्रत्येकीवर चिठ्ठी: बोअर, कॉर्पोरेशन, टँकर, फिल्टरचं टाकाऊ, एसीचं ठिबकणारं. हातात पाण्यातले क्षार मोजायचं ते पेनासारखं यंत्र. निष्कर्ष असा निघाला की पिण्याच्या फिल्टरमधून जे पाणी मोरीत सोडून देतात त्यात क्षार फार, त्यामुळे शेवटच्या हाताला ते घेतलं तर काचेवर पांढरे डाग उठतात. पण सुरुवातीला गाडी भिजवायला ते पुष्कळ झालं. उलट एसीमधून ठिबकतं त्यात क्षार जवळजवळ नसतातच. ते शेवटच्या विसळणीला उत्तम. म्हणून आता पहिले पाच लिटर फिल्टरचे, शेवटचे पाच लिटर एसीचे, आणि मधले सोळा तेवढे ताजे. काका त्याला ‘पाच उष्टे, सोळा सोवळे, पाच आकाशातले’ म्हणतात. एसी शेजारच्या बंगल्याचा आहे. त्याच्या नळीखाली आमच्या भिंतीवरून काकांचा कॅन कसा गेला, हा एक स्वतंत्र लेख आहे.

पोराला त्यांनी आकडा सांगितला, “सोळा.” तो म्हणाला, “आता दोघांची आंघोळ.” काका म्हणाले, “बघतो.” अजून बघतायत.

खंडेनवमीला मात्र काकांचा दरबार भरतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झाडून सगळ्यांना आपल्या गाडीची आठवण होते. पार्किंगमध्ये बादल्यांचा खडखडाट, पोरांचा गोंधळ, कोपऱ्यात झेंडूचे ढीग. काका मधोमध स्टुलावर, हातात सिरिंज, पुढे रांग. जो येईल त्याला पहिला प्रश्न: “किती लिटर?” आणि मग त्या बादलीत तेवढे थेंब. अगदी पोलिओचा डोस देतात तसे. काही लहान मुलं सवयीने तोंड उघडून उभी राहतात. ज्या पदाधिकाऱ्यांच्या पाइपावरून ठराव झाला होता, तेही बादली घेऊन रांगेत येतात. काका त्यांच्या बादलीत सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लावतात. मी नीट पाहिलंय, साबण जास्त घालत नाहीत. वेळच जास्त लावतात. संध्याकाळी घरी शस्त्रपूजेच्या पाटावर विळी, अडकित्ता, शिवणयंत्राची कात्री आणि त्यांच्या मधोमध हळदकुंकू लावलेला सिलिंडर. हळद पंचवीसच्या रेघेवर लागू नये याची काळजी काकू घेतात.

मीसुद्धा आता माझ्या बादलीत रेघ मारलीय. नेलपॉलिश बायकोचं आहे. तिला अजून ठाऊक नाही.

गेल्या मेमधली गोष्ट. काकांनी नेहमीसारखी गाडी धुतली, राजापुरी पंच्याने टिपली, मागे जाऊन एक डोळा मिटून बघितली आणि समाधानाने ‘हं’ म्हणाले. काकूंना घेऊन मंडईत जायचं म्हणून गाडी बाहेर काढून झाडाखाली उभी केली. दहा मिनिटांत आभाळ काळं झालं आणि वळवाचा पाऊस कोसळला. धूळ, पाचोळा, गुलमोहराच्या पाकळ्या, सगळं गाडीवर. आम्ही चार-पाच जण जिन्याच्या तोंडाशी उभे होतो. कोणी हसलं नाही. काकांनी शांतपणे खिशातून वही काढली, पाठीची छत्री करून तिच्यात काहीतरी लिहिलं आणि वर निघून गेले.

नंतर मी ते पान बघितलं. ‘रविवार. पाणी २६ लि., पैकी ताजे १६. शाम्पू १६ एमएल. वेळ २१ मि. शेरा: लगेच पाऊस. प्रमाण समजू शकले नाही.’

मंगळवारी सोसायटीच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसला. पाणसळ लावून.